मदत देणाऱ्याला पावती कशी मागायची?

देपालपूरजवळ आमच्या सासरची आठ बिघे जमीन आहे. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, शेत बटाईनं दिलेलं. गेल्या मे महिन्यात मी शेतावर होते तेव्हा गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण आला. मला पाहताच म्हणाला, "काकू, तुम्ही मराठी ना?" तिथेच मी अर्धी फसले.

लहान शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढवण्यासाठी परदेशी संस्थेचा प्रकल्प आहे, असं त्याचं म्हणणं. बियाणं, डीएपी खत आणि फवारणीची औषधं पाव किमतीत मिळणार. आफ्रिकेतले शेतकरी हातात कूपन धरून उभे आहेत असे फोटो त्यानं मोबाइलवर दाखवले. मला ते खरं वाटलं, कारण आमच्या माळव्यात सोयाबीन रुजलं त्यामागेही परदेशी मदत होतीच. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या पैशातून इलिनॉय विद्यापीठाची माणसं जबलपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर काम करत होती. हे मीच त्याला उत्साहानं सांगितलं. पुढच्या घरी त्यानं तेच माझ्या नावानं सांगितलं.

प्रत्येक घरामागे ६,५०० रुपये 'शेतकऱ्याचा हिस्सा' म्हणून आगाऊ द्यायचे होते. शेजारची दहा घरं माझ्या तोंडाकडे बघत होती. "काकी, आपने कह दिया तो हो गया," असं म्हणून त्यांनी पैसे दिले. कुणी रोख दिले, कुणी मोबाइलवरून एका माणसाच्या खात्यात टाकले. पावती एकानंही मागितली नाही, मीही नाही. दुकानदाराकडे आपण बिलासाठी भांडतो. पण मदत करायला आलेल्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा, याचीच लाज वाटली.

जूनमध्ये घरटी दोन पोती बियाणं आलं. "जे.एस. २०-३४ हे सोयाबीनचं वाण आहे, खत पहिल्या पावसाबरोबर येईल," असं तो म्हणाला. पोत्यावर रंगीत चिन्ह छापलेलं होतं, पण तोंडाशी शिवलेली चिठ्ठी नव्हती. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते. तिच्यावर वाण, लॉट नंबर, उगवण चाचणीची तारीख असते. हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले.

चार इंच पाऊस झाल्यावर पेरणी केली. आठव्या दिवशी ओळींत रोपं कमी आणि मोकळी काळी माती जास्त दिसत होती. पोत्यात उरलेले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, तर एकतीस उगवले. सोयाबीनला किमान सत्तर हवेत. हे पेरणीआधी केलं असतं तर फक्त पैसे गेले असते. आता हंगामाचे पंधरा दिवसही गेले. दुबार पेरणीला दोन घरांनी दागिने गहाण ठेवले.

त्याचा फोन तोवर बंद झाला होता. कृषी विभागात गेलो तर पहिलाच प्रश्न: बिल कुठे आहे, लॉट नंबर काय? ऑनलाइन पैसे दिलेल्यांनी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या फोन नंबरवर तक्रार केली, पण महिना उलटला होता. खातं रिकामं निघालं.

त्या कूपनांबद्दल मी नंतर वाचलं. आफ्रिकेतल्या मलावी देशात २००५ पासून सरकारनं खत-बियाण्यांसाठी कूपनं दिली, तेव्हा शेतकरी आपला हिस्सा खताच्या केंद्रावर, पोतं घेताना भरत होता. कुणाच्या खिशात आगाऊ नाही. आमच्या माणसानं फोटो त्या योजनेचा दाखवला आणि रीत बरोबर उलटी ठेवली.

हातोद, बेटमा, गौतमपुरा या बाजूला असं कुणी आलं तर आधी बियाणं विक्रीचा परवाना मागा, त्याचा नंबर कृषी कार्यालयात विचारून घ्या. पेरणी झाल्यावरही चिठ्ठी, बिल आणि मूठभर बियाणं जपून ठेवा.

सहा घरांचे पैसे मी माझ्याकडून फेडले आहेत. चार राहिलेत. त्यातले एक काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.