निळी शेवंती आणि 'तुमच्या मातीचा दोष'

शेवंतीत निळा रंग नसतो. पांढरी, पिवळी, तांबूस, गुलाबी, जांभळी, अगदी पोपटीसुद्धा मिळते. निळी नाही, कारण त्यासाठी लागणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य हे झाड बनवतच नाही. २०१७ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी कँटरबरी बेल नावाचं फुलझाड आणि गोकर्ण यांची जनुकं घालून निळी शेवंती तयार केली, ही बातमी मात्र खरी आहे. आणि ज्या ऑनलाइन विक्रेत्याने मला फसवलं त्याने जाहिरातीत नेमकी हीच बातमी चिकटवली होती. जनुकं बदललेलं झाड परवानगीशिवाय असं कुंडीत घालून घरोघर पाठवता येत नाही, हे अर्थातच त्याने लिहिलं नव्हतं.

शरदात बागेत रंग हवा म्हणून मी त्याच्याकडून 'दरवर्षी फुलणारी' निळी शेवंती, शोभेचा कोबी आणि 'कोणत्याही हवेत लालभडक होणारा' मेपल मागवला. शेवंती आली ती खरोखर निळी होती. बुटकी, गोलसर, फुलांनी गच्च. त्याच दिवशी विक्रेत्याचा मेसेज आला, फोटोसह अभिप्राय द्या म्हणून. त्याच्या पानावर पाच ताऱ्यांचा पाऊस का पडलेला असतो ते इथे कळतं. लोक तारे देतात पहिल्या दिवशी आणि रंग उतरतो नंतर.

पाणी घालायला लागल्यावर कुंडीखालच्या बशीत निळसर पाणी साचू लागलं. मग नव्या कळ्या उमलल्या त्या पांढऱ्याशुभ्र. जुनी फुलं उलटून पाहिली तर पाकळ्यांची मागची बाजू आणि देठाजवळचा भाग पांढराच होता. निळा रंग फक्त वरून मारलेला. काही पानांच्या कडांवरही त्याचे शिंतोडे होते. रंग पाण्यातून पाजायची दुसरीही पद्धत आहे. त्यात पाकळ्यांच्या शिरा जास्त गडद दिसतात आणि देठ कापला तर आतही रंग सापडतो. फवारा असो की पाजलेला रंग, नव्या कळीत तो टिकत नाही.

तक्रार केली. आलेलं उत्तर मला आजही त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार भाग वाटतो: "तुमच्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता) बिघडलाय. थोडी तुरटी घाला, निळा परत येईल." ज्याला बागेतलं थोडंफार कळतं तोच यात अडकतो. कारण हायड्रेंजियाच्या बाबतीत हे खरं आहे: माती आम्लधर्मी असली की झाडाला अॅल्युमिनियम मिळतं आणि गुलाबी फुलं निळी होतात. (पांढऱ्या जातींवर तोही उपाय चालत नाही.) शेवंतीचा या सगळ्याशी संबंध नाही. पण तुरटी घालून वाट पाहण्यात परतीची मुदत निघून जाते, आणि सल्ल्यामागचा हेतू तोच असतो. पुढचा मेसेज "ऊन कमी पडतंय" असा होता, त्यानंतरचा "पाणी जास्त होतंय". दोष कायम घेणाऱ्याकडे.

गच्च बुटकेपणाचंही तसंच. कुंडीतून मुळांचा गोळा बाहेर काढला तर एका झाडाऐवजी दाटीवाटीने लावलेली अनेक छाटकलमं निघाली. अशी कलमं लावणं, शेंडे खुडणं, वाढ रोखणारं औषध देणं हे बऱ्याच रोपवाटिका करतात, त्यात लबाडी नाही. औषधाचा अंमल संपला की नवे फुटवे लांबट येतात, एवढंच. लबाडी आहे ती 'जातच बुटकी' असं सांगून विकण्यात. वर 'बारमाही बहर' म्हणण्यातही. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्री लागतात. रोपवाटिकेत काळं कापड टाकून तो अंधार पुरवतात आणि हवं तेव्हा फूल काढतात. तुमच्याकडे ती तिच्या ऋतूतच फुलणार, आणि रात्रभर दिवा अंगावर पडत असेल तर तेव्हाही रेंगाळणार.

मेपलच्या बुंध्याशी कलमाचा जोड शोधला, नव्हता. म्हणजे ते बहुधा बियांचं रोप. नाव असलेल्या जातीचा रंग बियांतून जसाच्या तसा येईल याची खात्री नसते, म्हणून त्या जाती कलम करून वाढवतात. शिवाय शरदातली लाली हवी तर दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो, तेव्हा पानात साखर साठून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. रात्री उबदार असतील तिथे पानं बरेचदा नुसती मळकट तपकिरी होऊन गळतात. 'कोणत्याही हवेत' हे शब्द दिसले की तिथेच थांबा.

कोबी तेवढा खरा निघाला. थंडी वाढली तशी मधली पानं जांभळी होत गेली.

आता मी उमललेल्या फुलाचा फोटो विचारातच घेत नाही. रंग दाखवणारी अर्धवट उमललेली कळी आणि पाकळीची मागची बाजू दाखवा, असं म्हणते. जो खरोखर झाडं वाढवतो तो लगेच पाठवतो. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढते आणि पाणी घालायच्या आधी ओल्या कापसाने एक पाकळी पुसून बघते. आणि विक्रेत्याने सुचवलेला कुठलाही उपाय करण्याआधी परतीची मागणी लेखी नोंदवते, उपाय नंतर.

माझे सगळे पैसे परत मिळाले नाहीत. त्या दुकानाचं पान नंतर गायब झालं, आणि पुढच्या हंगामात वेगळ्या नावाने तोच निळ्या शेवंतीचा फोटो पुन्हा झळकला. मोठा करून पाहा: खालच्या डाव्या बाजूच्या पानांवर निळे शिंतोडे तसेच आहेत, पुसायचीही तसदी घेतलेली नाही.