शाळा सोडायची की शाळाच बदलायची?

मुलाची शाळा चांगली नसेल तर काय करायचं, यासाठी अमेरिकेत पालकांच्या रेट्यातून निघालेल्या दोन वाटा मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली मिलवॉकी शहराची. विस्कॉन्सिन राज्याच्या आमदार पॉली विल्यम्स आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेले कृष्णवर्णीय पालक यांच्यामुळे १९९० मध्ये तिथे व्हाउचर योजना सुरू झाली. गरीब घरातलं मूल खासगी शाळेत गेलं, तर फी सरकारने भरायची. पहिल्या वर्षी साडेतीनशेच्या आसपासच मुलं होती. धार्मिक शाळा त्यात १९९८ पासून आल्या.

दुसरी कॅलिफोर्नियाची. २०१० च्या कायद्यानुसार, मागे पडलेल्या शाळेतल्या किमान निम्म्या मुलांच्या पालकांनी अर्जावर सह्या केल्या, की कर्मचारी बदलता येतात किंवा शाळा चार्टर संस्थेकडे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, देता येते. वाळवंटातल्या अडेलांटो गावी पालकांनी सह्या जमवल्या. त्यांना बाहेरच्या संस्थेची मदत होती, हेही सांगायला हवं. मग काहींनी सह्या मागे घेतल्या, गावात दोन तट पडले, प्रकरण कोर्टात गेलं. अखेर २०१३ मध्ये डेझर्ट ट्रेल्स शाळा चार्टर म्हणून उघडली.

व्हाउचरमुळे एक मूल लगेच सुटतं, पण जवळ चांगली शाळा आणि तिथे जागा हवी. सह्यांच्या वाटेने अख्खी शाळा सुधारू शकते, मात्र त्यात वर्षं जातात. तिसरीतल्या मुलाला अजून वाचता येत नसेल, तर त्याच्या आईला मी व्हाउचरच घ्यायला सांगेन. धाकटं भावंड त्याच शाळेत जाणार असेल, तर अर्जावर सहीही करायला सांगेन.