‘इन द वूड्स’ की ‘द सीक्रेट हिस्टरी’? संथ गुन्हेकथा निवडताना

संथ चालीची, साहित्यिक वळणाची गुन्हेकथा वाचायची म्हटली की दोन नावं हमखास पुढे येतात: टाना फ्रेंचची ‘इन द वूड्स’ (2007) आणि डॉना टार्टची ‘द सीक्रेट हिस्टरी’ (1992). दोन्ही लेखिकांच्या या पहिल्याच कादंबऱ्या. दोन्हींवर जीव टाकणारे वाचक भरपूर, आणि दोन्ही अर्ध्यावर मिटून ठेवणारेही भरपूर. मिटणाऱ्यांची तक्रार एकाच शब्दात येते, ‘रेंगाळते’. खोलात विचारलं तर राग वेगवेगळ्या गोष्टींचा निघतो. एकीचा शेवट लोकांना झोंबतो, दुसरीचा उत्तरार्ध जड जातो. आपल्याला यातलं काय सोसवेल, हे आधी ठरवलं की निवड सोपी होते.

खुनी कोण, ते खाली कुठेही फोडलेलं नाही. ‘इन द वूड्स’बद्दलची एक गोष्ट मात्र उघड सांगितली आहे. ती माहीत नसल्यामुळेच या पुस्तकाने सर्वांत जास्त वाचक दुखावले आहेत.

‘इन द वूड्स’: दोन प्रकरणं, एक उत्तर

1984 चा उन्हाळा. डब्लिनजवळच्या नॉकनरी नावाच्या काल्पनिक वस्तीतून तीन मुलं शेजारच्या रानात खेळायला जातात. एकच सापडतो, झाडाला घट्ट बिलगलेला, बुटांत रक्त साकळलेलं. त्याला काहीही आठवत नाही. वीस वर्षांनी हाच मुलगा नाव बदलून रॉब रायन म्हणून खून-तपास पथकात असतो, आणि त्याच रानाजवळ, पुरातत्त्वाच्या उत्खननात, बारा वर्षांच्या मुलीचा मृतदेह मिळतो. नियमाने त्याने प्रकरणातून बाजूला व्हायला हवं. तो होत नाही. त्याचं गुपित त्याच्या पथकात फक्त सहकारी कॅसी मॅडॉक्सला ठाऊक असतं. पुढची सगळी पडझड या एका लपवाछपवीतून होते.

कादंबरी जिथे रेंगाळते ती जागा म्हणजे मधला भाग. मुलीच्या घरच्यांचे जबाब, उत्खननावरच्या लोकांची चौकशी, प्रस्तावित महामार्गाविरुद्धची मोहीम, आणि या सगळ्यात रॉब-कॅसीची थट्टामस्करी. धागादोरा शोधत वाचणाऱ्याला ही पानं भरताड वाटतात. माणसं बघत वाचणाऱ्याला हाच भाग सर्वांत आवडतो, कारण पुढे या दोघांचं जे होतं त्याची किंमत इथेच ठरलेली असते.

आता ती उघड करण्याची गोष्ट: मुलीच्या खुनाचा छडा लागतो, 1984 चा लागत नाही. चारशेहून जास्त पानं वाचल्यावर हे कळलेला वाचक पुस्तक भिंतीवर फेकायच्या बेतात असतो. उलट बाजूचे म्हणतात की कोडं सुटलं असतं तर कादंबरी साधी झाली असती. आपण खोटं बोलतो हे निवेदक सुरुवातीलाच कबूल करतो, मग त्याच्या आठवणींवर भिस्त ठेवणारे आपणच. दोघांचंही थोडं खरं आहे. शेवट कथेशी इमान राखतो, पण जुन्या प्रकरणाचं आमिष पहिल्या पानापासून इतक्या जोरात दाखवलेलं आहे की फसवणुकीची तक्रार अगदीच अवास्तव नाही. हे आधी माहीत असेल तर पुस्तक बिघडत नाही, उलट शांतपणे वाचता येतं.

आणखी दोन आक्षेप ऐकू येतात. उत्तरार्धात रॉब कॅसीशी ज्या तऱ्हेने वागतो ते पाहून तो अनेकांच्या मनातून पार उतरतो. निवेदकावर प्रेम बसल्याशिवाय पुस्तक न रुचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि रहस्यकथांत मुरलेल्या वाचकाला गुन्हेगाराचा संशय रॉबच्या बराच आधी येतो. हा दुसरा आक्षेप फारसा टिकत नाही. रॉबला का दिसत नाही, हाच तर प्रश्न आहे.

‘द सीक्रेट हिस्टरी’: खून पहिल्याच पानावर

इथे पोलीस जवळजवळ नाहीतच. व्हरमाँटमधल्या एका छोट्या, काल्पनिक कॉलेजात ज्युलियन मॉरो नावाच्या प्राध्यापकाकडे ग्रीक शिकणारी मोजकी श्रीमंत, तऱ्हेवाईक मुलं, आणि त्यांच्यात शिरू पाहणारा कॅलिफोर्नियाचा रिचर्ड पेपन. तो स्वतःची गरिबी लपवतो. प्रस्तावनेतच कळतं की बनी नावाच्या मित्राला या टोळक्याने मारलं. कोणी मारलं, हा प्रश्न संपला. का मारलं, आणि नंतर काय झालं, यावर साडेपाचशे पानं.

पुस्तकाचे दोन भाग आहेत आणि वाचकांचे तटही तिथेच पडतात. पहिला भाग खुनापाशी संपतो. मित्र म्हणवणाऱ्या माणसाला संपवणं हळूहळू ‘व्यवहार्य’ कसं वाटू लागतं, ते टार्ट इतकं बेमालूम लिहिते की वाचकही मनोमन बनीच्या मरणाची वाट पाहू लागतो. ही कादंबरीची खरी करामत. दुसऱ्या भागात शोधमोहीम, अंत्यविधी, दारू, एकमेकांवरचा संशय. ज्यांना खुनापर्यंतच ओढ होती त्यांचं वाचन अंत्यविधीच्या लांबलचक प्रकरणात अडतं. तिथे अडलात तर सोडू नका. बनीच्या आईवडिलांच्या घरातला तो भाग पुस्तकात सर्वांत बोचरा आणि कित्येक जागी विनोदीही आहे.

‘एकही पात्र आवडलं नाही’ ही तक्रार इथे जोरात असते, आणि ती खरीच आहे. सगळेच उर्मट, खोटारडे, बहुतेक पैशावर वाढलेले. ग्रीक येत नसल्याने मात्र काही अडत नाही. अवतरणं ओलांडून पुढे गेलं तरी कथेचा धागा सुटत नाही.

मग कोणती?

शेवटी हिशेब चुकता व्हायलाच हवा, असा आग्रह असेल तर ‘द सीक्रेट हिस्टरी’. ती फार थोडं लपवते, त्यामुळे लुबाडतही नाही. चौकशी, जबाब, पथकातलं राजकारण यांत रस असेल आणि एक दार उघडं राहिलेलं चालत असेल तर ‘इन द वूड्स’. लहान मुलांवरच्या हिंसेचं वाचवत नसेल त्यांनी मात्र फ्रेंचच्या या पुस्तकापासून सुरुवात करू नये.

फ्रेंचच वाचायची आहे पण अर्धवट उत्तराची धास्ती आहे, त्यांच्यासाठी ‘इन द वूड्स’पासून सुरू झालेल्या पुस्तकमालिकेतलं तिसरं, ‘फेथफुल प्लेस’ (2010) बरं. प्रत्येक पुस्तकाचा निवेदक वेगळा, प्रकरण स्वतंत्र, त्यामुळे क्रम मोडला तरी चालतो. अपवाद दुसऱ्याचा: ‘द लाइकनेस’ (2008) कॅसी सांगते आणि पहिल्याचे ओरखडे तिच्या मनावर ताजे आहेत. त्यात एकाच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा बंदिस्त गट आहे, म्हणून टार्ट आवडलेल्यांना ते हमखास सुचवलं जातं. 1984 च्या उत्तराच्या आशेने पुढची पुस्तकं घेऊ नयेत.

मुंबई ओळखीची असणाऱ्याला तिसरा पर्याय विक्रम चंद्राची ‘सेक्रेड गेम्स’ (2006). नऊशेच्या आसपास पानं. गणेश गायतोंडे सुरुवातीलाच मरतो आणि तरीही स्वतःची कहाणी सांगत राहतो. दुसरीकडे सरताज सिंग हा पोलीस आणि त्याचा हवालदार काटेकर. बंबैया बोली, शिव्या, चौकीतले व्यवहार आपल्याला अर्थ न शोधता समजतात, ही मोठी सोय. अडथळा येतो तो मध्येच घातलेल्या स्वतंत्र प्रकरणांचा, फाळणीपर्यंत मागे जाणाऱ्या. पहिल्या वाचनात ती बाजूला ठेवणारे वाचक आहेत. सरताजच्या आईचं प्रकरण तरी सोडू नये. 2018 ची मालिका पाहिलेल्यांनी तोच वेग इथे अपेक्षू नये.

वाचायची पद्धतही निकाल बदलते. अशी पुस्तकं रोज पाच-दहा पानांनी वाचली की हमखास फसतात, कारण शंभर पानांपूर्वीच्या साध्या वाक्यावर पुढचा धक्का बेतलेला असतो. सलग चाळीस-पन्नास पानांची बैठक जमत असेल तेव्हाच सुरू करावं. ‘इन द वूड्स’ वाचताना जबाब देणाऱ्यांची नावं आणि कोण कुठे होतं एवढं शेवटच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवलं तर मधला भाग निम्मा हलका होतो. ‘द सीक्रेट हिस्टरी’ ऐकायचीही सोय आहे, स्वतः टार्टच्या आवाजात. बनीच्या बोलण्याची ढब त्यात छान उतरते. आणि 2019 ची ‘डब्लिन मर्डर्स’ ही मालिका आधी पाहू नये: त्यात फ्रेंचची पहिली दोन्ही पुस्तकं आठ भागांत एकत्र गुंफली आहेत, त्यामुळे एका फटक्यात दोन रहस्यं फुटतात.