वाशीतील पोकेमॉन कार्ड स्पर्धा: नियम चोख, जागा अपुरी

पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर ठिकाण टाकून शोधल्यास जवळपासच्या स्पर्धा दिसतात. वाशीतील एका दुकानाची रविवारची स्पर्धा मला तिथेच सापडली. पंचांनी ६० कार्डांचा प्रत्येक डेक (खेळाडूचा कार्डांचा संच) त्याने दिलेल्या यादीशी ताडून पाहिला, मूलभूत एनर्जी (पोकेमॉनला हल्ल्यासाठी ऊर्जा देणारी साधी कार्डे) वगळता एकाच नावाची ४ पेक्षा अधिक कार्डे नाहीत याची खात्री केली आणि एका मुलाची कोपरा दुमडलेली स्लीव्ह (कार्डावरचे प्लास्टिकचे आवरण), त्यावरून पालथे कार्डही ओळखता येईल अशी खूण ठरू नये म्हणून, तिथल्या तिथे बदलायला लावली. स्विस पद्धत असल्याने हरल्यावरही खेळ संपत नाही, पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. जागा मात्र फारच अपुरी आहे: पंखा लावला की कार्डे उडतात, बंद केला की माणसे उकडतात. जादा स्लीव्ह घरूनच न्याव्यात. दुकानात त्या महाग पडतात.