लोकवन, एमएसीएस ६४७८ की खपली? तांबेऱ्याच्या अंगानं

उसाचा खोडवा मोडून गहू करायचा म्हटलं की शिरोळ-कागलकडं चर्चा उताऱ्याची आणि दराची. तांबेरा हा गव्हाचा बुरशीरोग आठवतो तो फेब्रुवारीत, पानावरनं बोट फिरवल्यावर विटकरी भुकटी लागली की.

घरचं लोकवन पोळीला झकास, बाजारात नावही आहे. पण तांबेऱ्यापुढं ते उघडंच. पानावरच्या नारंगी तांबेऱ्यापेक्षा खोडावरचा काळा जास्त वाईट. साल फाडून बाहेर येतो नि दाणा चिमतो.

प्रतिकारक वाणातसुद्धा दोन तऱ्हा असतात, आणि खरी निवड इथंच आहे. काही जनुकं एकटीच बुरशी ओळखतात आणि लागण झालेली पेशी मारून टाकतात. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, त्यामुळं तो तिथंच उपाशी मरतो. पण बुरशीनं आपली खूण बदलली की सगळं मुसळ केरात. राय या धान्यातून गव्हात आलेलं एसआर ३१ हे जनुक जगभर चाललं. १९९८-९९ मध्ये युगांडात यूजी ९९ या काळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातीनं ते मोडलं. दुसरी तऱ्हा संथ. एलआर ३४, एसआर २ ही जनुकं रोग पुरता थोपवत नाहीत; फोड कमी येतात, उशिरा येतात. मात्र ती दशकानुदशकं टिकलीत. एलआर ३४ असलेल्या पानाचं टोक वाळतं, एसआर २ मुळं लोंबी काळपट दिसू शकते. तो रोग समजून फवारा मारू नका!

खपली, म्हणजे टरफलाचा जुना गहू, या बाबतीत श्रीमंत. एसआर १३ आणि एसआर १४ ही काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुकं तिच्यातूनच मिळाली. उंच खपली लोळते, म्हणून एमएसीएस २९७१ हा बुटका वाण बघा. दर चांगला, खीर तर विचारूच नका. पण टरफल काढून देणारी गिरणी आधी शोधा.

एमएसीएस ६४७८ हे वाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं. साधारण ११० दिवसांत येतं, दोन्ही तांबेऱ्यांना प्रतिकारक. विक्रीसाठी माझं मत यालाच, बांधालगत घरापुरती खपली. लोकवन करायचंच तर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. कारखान्याची तोड डिसेंबरवर गेली तर लोकवनचं नावच काढू नका.