रंगाच्या पाण्यासाठी काय घ्यावं: चिपाड, तूस की कोळसा?

इचलकरंजीत किंवा सोलापुरात छोटं डाइंग युनिट (सूत-कापड रंगवण्याचा कारखाना) चालवणाऱ्याला कुणीतरी सांगतंच, "उसाच्या चिपाडानं सांडपाण्यातला रंग निघतो, तोही फुकटात." निघतो, हे खरं. पण कोणता रंग, ते आधी बघा. सगळा निर्णय त्यावरच आहे.

प्रयोगशाळेत अशा चाचण्या बहुधा मिथिलीन ब्लूवर होतात. हा बेसिक रंग, पाण्यात त्याच्यावर धनभार असतो. चिपाड, तूस, लाकडाचा भुसा यांच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात ऋणभार असतो, म्हणून रंग ओढला जातो. सुती धाग्याला मात्र आपण रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) देतो आणि त्यांच्यावरही ऋणभारच. शिवाय सोडा ॲशमुळे पाण्याचा सामू (पीएच) १० च्या वर गेलेला. तिथे कच्चं चिपाड फारच थोडा रंग धरतं. सामू २-३ पर्यंत उतरवला तर धरतं, पण मग आम्ल विकत घ्या आणि सोडताना पाणी पुन्हा उदासीन करा. फुकटपणा तिथेच संपतो.

तुमचं काम ॲक्रिलिक सुताचं, म्हणजे बेसिक रंगांचं असेल, तर चिपाड जरूर बघा. फक्त ते पाण्यात फुगतं, टाकीत दाटून प्रवाह अडवतं आणि पावसाळ्यात कुजतं. कारखाने स्वतःच ते बॉयलरला जाळतात, त्यामुळे मिळेलच असं धरू नका. भाताचं तूस सिलिकामुळे कडक राहतं, पाणी सहज जाऊ देतं, पण रंग धरण्यात सहसा मागे. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलजवळ असाल तर ठीक, कोल्हापूरपर्यंत हलकं तूस ट्रकनं आणणं परवडणारं नाही.

रिॲक्टिव्ह रंगांसाठी मी सक्रिय कोळसाच (प्रक्रिया करून असंख्य बारीक छिद्रं पाडलेला कोळसा) घेईन, तोही जैविक प्रक्रिया झालेल्या पाण्याला शेवटचा हात म्हणून. करवंटीचा कोळसा टणक आणि नावाजलेला, पण त्याची छिद्रं फार बारीक असतात. रंगाचे रेणू मोठे, ते आत नीट शिरत नाहीत. फॉस्फरिक आम्ल वापरून केलेला लाकडी कोळसा रंगासाठी जास्त चांगला. विक्रेता पृष्ठफळाचा आकडा दाखवेल, तुम्ही छिद्रांचा आकार विचारा.

यातलं काहीही पाण्यातलं मीठ काढत नाही. आणि रंग नष्ट होत नाही, फक्त पाण्यातून भुशात जातो. तो ओला रंगीत भुसा ओढ्याकाठी टाकला तर पावसात तोच रंग पंचगंगेत उतरेल. त्याची विल्हेवाट कुठे लावायची, हे खरेदीआधी ठरवा.

आधी तुमच्याच युनिटचं एक लिटर पाणी घ्या, त्यात धुऊन वाळवलेली १० ग्रॅम चिपाडाची पूड टाका, दोन तास ढवळा, गाळा. शेजारी दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यातही तेवढीच पूड ठेवा. ते पाणी पिवळं झालं, तर तो रंग चिपाडानंच सोडलेला आहे.