बाप्तिस्म्याला नवं नाव की जुनंच?

काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी, घेऊन बायबलमधल्या नावाने नेहेम्या गोरे झाले. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नाव मात्र तेच ठेवलं.

नव्या नावाला बायबलचा आधार भक्कम आहे. अब्रामाचा अब्राहाम झाला, शिमोनाला येशूनेच पेत्र म्हटलं. आयुष्याने वळण घेतल्याची ती उघड खूण. गोऱ्यांनी आडनाव सोडलं नाही, हेही लक्षात घ्यावं.

तरी मला टिळकांची वाट जास्त पटते. बायबलच्या नव्या करारातला धर्मप्रचारक अपुल्लोस पाहा. नावात ग्रीक देव अपोलो, पण प्रेषित पौलाने त्याला सहकारी मानलं. नाव बदलायला लावल्याचा कुठे उल्लेख नाही. टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायला आणि ‘नारायण’ हे नाव त्यांच्या श्रद्धेच्या आड कधी आलं नाही. ख्रिस्ती होताना मराठीपण सोडावं लागत नाही, हे त्यांच्या नावावरूनच कळतं.

कॅथलिक चर्चचा १९१७ चा कायदा ख्रिस्ती नावाचा आग्रह धरी. १९८३ च्या कायद्यात ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नको, एवढंच आहे. त्यामुळे आज मुलीचं नाव मारिया ठेवा की शांती, दोन्ही चालतात.